शिल्लक पाला

बाबूजी, मागच्या महिन्यात आम्हाला एका हॉलमध्ये बसवून कामगारांना वाईट बातमी कशी सांगायची ते शिकवलं. मी आता तिरोड्याला एका ठेकेदाराच्या ऑफिसात आहे, हे तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही. तुम्ही गेलात तेव्हा वीज प्रकल्पाच्या जागी अजून धानाच्या बांध्या होत्या. माझ्या हाताखाली तीसेक माणसं आहेत, आणि ठेका संपत आला की त्यातल्या काहींना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगणं माझ्याच वाट्याला येतं. शिकवायला नागपूरहून एक मुलगी आली होती, माझ्या मुलीपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी असेल. चांगली होती. तिने पडद्यावर चित्रं दाखवली आणि सांगितलं की आधी समोरच्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा, त्याला काय वाटेल ते स्वतःला वाटू द्या, मग तोंड उघडा. शेजारचा टाइमकीपर माझ्या कानाशी म्हणाला, "ये सब ठीक है साहब, लेकिन गेट पे लिस्ट कौन चिपकाएगा?" मागच्या दोन रांगा हसल्या. मग तिने एकेक कागद वाटला. वाईट बातमी नीट सांगता येणारा एखादा माणूस तुम्ही पाहिला असेल तर त्याच्याबद्दल लिहा, म्हणाली. मी 'वडील' एवढंच लिहिलं आणि पेन बंद केलं. ती रांगेतून फिरत आली, कागद पाहिला आणि विचारलं, फार हळवे होते का ते? मी नाही म्हणालो. तिने जरा वाट पाहिली. मग ती पुढच्या माणसाकडे गेली.

आज रविवार आहे. घर उघडायला म्हणून मी गावाला आलो आहे. शाळेसाठी तुमची सून आणि दोन्ही मुलं नागपूरला असतात, आई जाऊनही आता तीन वर्षं झाली, त्यामुळे आठवड्यातून एकदा मी येतो, खिडक्या उघडतो, झाडतो, स्वतःपुरता भात टाकतो. त्या कागदावर जे लिहिता आलं नाही ते तुम्हालाच लिहावं असं आज वाटलं.

नव्व्याण्णव साली मी गोंदियाहून बी.कॉम. होऊन परत आलो आणि तुम्ही मला दुसऱ्याच दिवशी डेपोत बसवलंत. दोन खोल्या, पुढे ओसरी, मागे पाल्याचं गोदाम, वर कवेलूंचं छप्पर. सकाळी बाया आदल्या दिवशी वळलेल्या बिड्या टोपलीत घेऊन यायच्या, त्या देऊन तेंदूचा पाला, जर्दा आणि धागा घेऊन जायच्या, आणि घरी सूप मांडीवर घेऊन दिवसभर वळत बसायच्या. आठवड्यातून एकदा गोंदियाच्या कारखान्याची गाडी माल घेऊन जायची. तुमचं काम तपासण्याचं. बांधलेल्या बिड्यांचा कट्टा सोडून त्यातल्या सैल, फुटक्या, पोकळ बिड्या बाजूला काढायच्या, त्याला छाट म्हणायचे. दुसऱ्या डेपोंत बाई टोपली ठेवून जायची आणि किती छाट निघाली ते तिला दुसऱ्या दिवशी कळायचं. तुमच्याकडे बाई समोर बसल्याशिवाय कट्टा सुटत नसे. ती पाणी प्यायला उठली तरी तुम्ही हात थांबवायचात. काढलेली बिडी तुम्ही तिच्या तळहातावर ठेवायचात आणि दाबून पाहायला सांगायचात. तिने दाबली, मान हलवली, की मगच ती छाटीत जायची. तिने नाही म्हटलं तर तुम्ही पुन्हा दाबायचात, आणि कधी कधी बिडी कट्ट्यात परतही ठेवायचात. यात फार वेळ जायचा. रांग ओसरीच्या खाली अंगणात यायची आणि बाया कुरकुरायच्या.

त्या रांगेत आपल्या आळीतली काकी नेहमी पहिली. तुम्ही डेपो सुरू केलात तेव्हापासूनचं तिचं बिडी-कामगाराचं कार्ड, सगळ्यांत जुनं. तिचा नवरा बोदलकशाच्या तलावात मासे धरायचा, आणि लहानपणी मी आईपेक्षा तिच्याच चुलीजवळ जास्त जेवलो असेन. तिच्या कट्ट्यात छाट जवळपास निघायचीच नाही. तरी तुम्ही तेवढ्याच बारकाईने पाहायचात, आणि ती कंटाळून म्हणायची, "मुनीमजी, बायको पाहाले गेले तवा एवढं बारीक पाहालं होतं का?" एकदा तुम्ही मान वर न करता म्हणालात, तिथं छाट काढता येत नाही. बाया हसून हसून पदर तोंडाला लावत होत्या. घरी आईला ते कळायला संध्याकाळही लागली नाही. त्या दिवशी तुम्हाला ताटात वरण मिळालं नाही, तेही मला आठवतं.

पण तुम्ही गोड नव्हतात. मला वाईट वाटतं असं तुम्ही कोणाला म्हटल्याचं मी ऐकलं नाही. पाला कमी आला की तुम्ही सगळ्या बाया येईपर्यंत थांबायचात, मग ओसरीवर उभे राहून एकदाच, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचात की या आठवड्यात अर्धाच पाला आहे, कारण अमुक आहे, सगळ्यांना अर्धाच मिळेल, मी माझ्या सख्ख्या वहिनीलाही अर्धाच देणार आहे. तेवढं बोलून तुम्ही खाली बसायचात आणि मग दिवसभर तिथून हलायचा नाहीत. बाया भांडून जायच्या, घरी जाऊन आणखी काही आठवलं की परत यायच्या, तुमच्या आईबापाचा उद्धार करायच्या. तुम्ही ऐकून घ्यायचात, विचारलेल्याचं उत्तर द्यायचात. त्या दिवशी तुम्ही जेवायलाही घरी येत नसा. कोणी विचारायला आलं आणि मी नसलो तर, असं तुमचं म्हणणं. मला तेव्हा तुम्ही दगडासारखे वाटायचात. एवढं सगळं ऐकून ज्याला काही होत नाही तो माणूस कसला, असं मी मनात म्हणायचो. घरी आल्यावर तुम्ही पाय न धुता तसेच भिंतीला टेकून बसून राहायचात, ते मी रोज पाहत होतो आणि तरी मला काही कळलं नव्हतं.

माझ्या पहिल्याच पावसाळ्यात एका बाईने सैल बिड्या आणल्या. तिचं लेकरू तापाने फणफणलं होतं, रात्ररात्र जागून तिने कशाबशा वळल्या होत्या. तुम्ही धानाच्या कामाला गेला होतात. मी कट्टे न सोडता तसेच पोत्यात टाकले. एकदा नाही, सहा-सात दिवस. तिला मी लवकर घरी, लेकराकडे पाठवायचो. पुढे कारखान्याने आपल्या डेपोचा सगळा माल परत पाठवला आणि तीन दिवस कोणालाच पाला मिळाला नाही. तुम्ही पोतं उघडलंत, दोन कट्टे हातात घेतलेत, आणि ते कोणाचे आहेत ते लगेच ओळखलंत. मला वाटलं मारता की काय. तुम्ही म्हणालात, "तुले वाईट वाटते ना? मंग ते आपल्यापाशी ठेव. बाकीच्या बायांच्या सुपात कायले टाकतेस?" मग दुसऱ्या दिवशी ओसरीवर मलाच उभं केलंत. पाला का नाही ते माझ्याच तोंडून सांगायला लावलंत, तिचं नाव न घेता, चूक माझी म्हणून. बायांनी मला जे ऐकवायचं ते ऐकवलं. तुम्ही मागे बसून होतात, एका शब्दानेही मदतीला आला नाहीत. घरी जाताना मात्र पानठेल्यापाशी थांबलात आणि दोन पानं सांगितलीत. एक माझ्या हातात दिलंत. बापाने दिलेलं पान चघळत बापाच्या बाजूने चालणं मला अवघड जात होतं. तुम्ही धानाविषयी बोलत होतात.

नंतर तुमचं दुखणं निघालं. नागपूरच्या डॉक्टरने रिपोर्ट पाहिले आणि तुम्हाला जरा बाहेर बसायला सांगितलं. तुम्ही उठला नाहीत. म्हणालात, "पोट माहं दुखते साहेब, तं बोलनंही माह्यासंगं करा." तो मुलगाच होता, माझ्या वयाचा. तो आधी माझ्याकडे बघत, अडखळत बोलत होता, मग हळूहळू तुमच्याकडे बघून बोलायला लागला. येताना गाडीत मी तुम्हाला म्हणालो, आईला इतक्यात काही सांगू नका, तिला सोसणार नाही. तुम्ही खिडकीबाहेर बघत राहिलात. घरी आलो तर आई चुलीपाशी पोपट वालाच्या शेंगा सोलत होती. तुम्ही पाट ओढून तिच्यासमोर बसलात आणि तिथल्या तिथे सांगितलंत, चपलेची धूळही अजून पायावर होती. "आता जास्त दिवस नाही म्हणते डॉक्टर. तुले जे विचाराचं असन ते विचार, मी बसलो आहो." आईने शेंगा सोलणं थांबवलं नाही. तुम्हीही उठला नाहीत. मी दारात उभा होतो आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. मग तिने विचारलं, किती दिवस. मग विचारलं, दुखते का फार. मग विचारलं, दवनीवाड्याला माझ्या भावाला कोण सांगणार. दुपारभर असं एकेक. तुम्ही त्या पाटावर सांज होईपर्यंत बसून होतात. आई शेवटच्या आजारपणात मला एकदा म्हणाली होती की त्या दिवशी तुझ्या बाबूजीनं मला एकटं सोडलं नाही. मी मात्र अजूनही त्या दारातच आहे, असं मला कधी कधी वाटतं.

तुम्ही गेलात आणि डेपो माझ्याकडे आला. चार-पाच वर्षं चालला. मी तुमच्यासारखाच समोर बसवून छाट काढायचो, फक्त थोडं जास्त बोलायचो, मुलाबाळांची विचारपूस करायचो, आणि बाया म्हणायच्या की बापापेक्षा पोरगा मऊ आहे. मला ते आवडायचं. मग एका उन्हाळ्यात गोंदियाच्या ऑफिसचं पत्र आलं. पावसाळ्याआधी डेपो बंद करायचा. बावीस बायांपैकी पंधरा जणींना नाल्यापलीकडच्या गावातल्या डेपोत घेतील, कार्ड तसंच चालू राहील. पंधरा कोण ते जुन्या कार्डाप्रमाणे ठरवायचं आणि नावं लिहून पाठवायची. एवढंच पत्र, खाली सही. कार्ड म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. कार्डावर फंड होता, पोरांची शिष्यवृत्ती होती, दवाखान्यातली औषधं होती. काकीच्या नवऱ्याला त्याच्या दोन वर्षं आधी अर्धांगाचा झटका आला होता. तो खाटेवर होता, आणि त्याची औषधं तिच्या कार्डावर यायची.

जुन्या कार्डाप्रमाणे म्हटल्यावर पहिलं नाव काकीचं. मी कागद घेऊन बसलो आणि तिचं नाव लिहिण्याआधी विचार करायला लागलो. तो डेपो पायी दीड तासावर. तिचे गुडघे सुजलेले, ओसरीची पायरी चढतानाही ती भिंतीला हात लावायची. रोज जाऊन येऊन तीन तास, मागे खाटेवर नवरा. मी तिला सांगायला गेलो आहे आणि ती माझ्यासमोर नाही म्हणते आहे, असं मला दिसायला लागलं. जिने आयुष्यभर एक दिवस खाडा केला नाही तिला स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागेल की माझ्याने चालवत नाही. मी स्वतःला तिच्या जागी ठेवलं, बाबूजी, त्या नागपूरच्या मुलीने सांगितलं अगदी तसंच. मला इतकं वाईट वाटलं की माझे डोळे भरून आले. आणि मी तिचं नाव लिहिलं नाही. दुसऱ्या क्रमांकापासून सुरुवात केली आणि पंधरा पूर्ण करायला खालची एक तरणी बाई वर घेतली. तिला विचारावं, हे माझ्या मनात आलंच नाही असं मी म्हणणार नाही. आलं होतं. विचारायला गेलो असतो तर तिच्यासमोर बसावं लागलं असतं.

पंधरा जणींना मी घरोघरी जाऊन सांगितलं. उरलेल्या सहा जणींना ओसरीवर बोलावून सांगितलं, आणि त्या चिडल्या, रडल्या. मीही त्यांच्याबरोबर रडलो. त्यांतल्या एकीने उलट मलाच पाणी आणून दिलं. त्या आठवडाभरातच हलल्या. दोघी प्रकल्पाच्या साइटवर स्वयंपाकाला लागल्या, दोघी धान रोवण्याच्या टोळीत गेल्या, एक लेकीकडे गेली, एकीने भाजीचं दुकान मांडलं. आधी कळलं म्हणून त्यांना हातपाय हलवता आले. काकीला मी काहीच सांगू शकलो नाही. ती यादीविषयी विचारायला आली तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं की तुला जायची गरज नाही काकी, गोदामात बराच पाला शिल्लक आहे, कंपनीने सांगितलं आहे की एक हात इथेच ठेवा. मी हे आधी ठरवलं नव्हतं. तिचा चेहरा असा काही खुलला की मला मागे घेता आलं नाही. "कंपनीले हात समजते, बापू," ती म्हणाली. बाकीच्या जायला निघाल्या तेव्हा ती अंगणात उभी राहून त्यांना चिडवत होती, जा बायांनो, गुडघे फुटेपर्यंत चाला, माहा पाला इथंच येऊन राहिला. त्यांतल्या एकीने म्हटलं की म्हातारीचं नशीबच मोठं.

त्यानंतर तीन महिने काकी रोज सकाळी एकटी डेपोत यायची. रिकाम्या ओसरीवर मी आणि ती. ती टोपली ठेवायची, मी कट्टे सोडून तिच्यासमोर पाहायचो, छाट नाही म्हणायचो, आणि शिल्लक पोत्यातला पाला तोलून द्यायचो. जर्दा मी तिरोड्याहून विकत आणायचो. तिची मजुरी माझ्या खिशातून जायची, त्याचं मला काही वाटत नव्हतं, उलट मी काहीतरी करतो आहे असं वाटायचं. बिड्या मी गोदामात ठेवायचो. गाडी यायचं तर बंदच झालं होतं. पाला संपेल तेव्हा बघू, असं म्हणत होतो. तुम्ही ज्या जागी बसायचात तिथे बसून रोज हे करत होतो. एकदा तिने विचारलं, गाडी कधी येऊन जाते बापू, दिसत नाही. मी म्हणालो, दुपारी येते. तिला दुपारी नवऱ्याला भरवायचं असायचं.

श्रावणात गोदामाच्या वरचे कवेलू सरकले आणि पाणी आत यायला लागलं. मी एका सकाळी पोती ओढून कोरड्या बाजूला लावत होतो. काकी लवकर आली. माझा आवाज ऐकून मागच्या दाराने आत आली आणि न सांगता दुसऱ्या टोकाने पोतं धरलं. त्याची शिवण उसवली आणि कट्टे जमिनीवर सांडले. ती उचलायला वाकली. बिडीचं तोंड दुमडण्याची प्रत्येकीची रीत वेगळी असते, तुम्हीच मला ते दाखवलं होतं, आणि काकी तर स्वतःचा हात अंधारातही ओळखेल. तिने एक कट्टा हातात फिरवला. मग दुसरा. मग ती खाली बसली आणि शेजारच्या पोत्यात हात घातला, त्याच्या पलीकडच्याही. बहुतेकांना बुरशी लागली होती. तिने एक बिडी नाकाशी नेली आणि परत ठेवली, नीट, होती तशी कट्ट्यात.

"ह्या माह्या व्हय," ती म्हणाली.

मी हो म्हणालो.

"उन्हाळ्यापासूनच्या?"

मी हो म्हणालो. वरून पाणी गळत होतं. मला वाटलं, ती आता रडेल, आणि मी सांत्वनाचे शब्द शोधू लागलो. ती रडली नाही. तिने विचारलं की कंपनीने एक हात ठेवायला सांगितलं होतं ते खरं होतं का. मी नाही म्हणालो. मग तिने हिशेब लावावा तशी बोटांवर ओळीने त्या पंधरा बायांची नावं घेतली, आणि म्हणाली की या सगळ्यांची कार्डं माझ्यामागून झालेली आहेत. नंतर विचारलं, "मंग माहं नाव काऊन नव्हतं? कोनं काहाडलं?"

बाबूजी, तो एक क्षण होता. तुम्ही असतात तर पाट ओढून बसला असतात. मी म्हणालो, वरूनच तसं आलं. वय पाहिलं असेल.

ती माझ्याकडे पाहत होती. मग तिने माझ्या दंडावर हात ठेवला, मी लहान असताना ठेवायची तसा. "तू का करशील, बापू. तुह्या हातात राहिलं असतं तं तू काहाडलंच नसतं." आणि वर म्हणाली की एवढे दिवस तू एकटाच हे घेऊन बसला, मला बोलला असता तर बरं झालं असतं. मी मान हलवली. ती उठली, रिकामी टोपली घेतली आणि गेली. पाला नेला नाही.

पुढे मला कळलं की नाल्यापलीकडे जाणाऱ्या बायांनी दुसऱ्याच आठवड्यात मिळून एक ऑटो लावला होता. ज्या दारांवरून तो जायचा त्यांत काकीचंही दार होतं. पुढच्या बाजूला एक जागा त्या मुद्दाम रिकामी ठेवायच्या म्हणे, म्हातारी कधी मन बदलेल तर. काकी चौकशी करायला त्या डेपोतही जाऊन आली. तोवर पावसाळा संपत आला होता, जागा भरल्या होत्या, आणि तीन महिने कामावर नसलेलं कार्ड पुन्हा चालू करता येत नाही असं त्यांनी सांगितलं. ते तिथल्या माणसाने तिला उभ्या उभ्या सांगितलं असणार. औषधं बंद झाली. काही दिवस मी तिरोड्याहून नेऊन देत होतो, मग तिने नको म्हटलं. तिचा नवरा त्या थंडीत गेला. त्याचा आणि औषधांचा काही संबंध होता की नव्हता, मी कोणत्याही डॉक्टरला कधी विचारलं नाही.

ती अजून आहे. शाळेत खिचडी करायला जाते. मी रविवारी आलो आहे हे तिला घराच्या उघड्या खिडकीवरून कळतं आणि ती कधी वाटीभर लाखोळीची डाळ, कधी सुकटाची चटणी घेऊन येते. भांडं ठेवते, तब्येत विचारते, सुनेला सोडून एकटा का राहतोस म्हणून बोलते. त्या पोत्यांविषयी आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. गावात कोणी जुन्या डेपोचा विषय काढला तर ती सांगते की कंपनी खराब होती, पोरगा चांगला होता. माझ्यासमोर सांगते. मी ऐकून घेतो. पाच वर्षं झाली.

त्या हॉलमधल्या मुलीला मी हे सांगू शकलो असतो. तिने शिकवलं ते खोटं नव्हतं. पण तसं वाईट वाटून झाल्यावर माणूस काय करतो, ते तिच्या पडद्यावर नव्हतं. तुम्हालाही वाटत होतं, हे मला आता कळतं. भिंतीला टेकून बसायचात तेव्हा तेच चाललेलं असायचं. तुम्ही ते घरी आणून सोसायचात आणि बाईला तिची बातमी पूर्ण द्यायचात, कारण ती तिची होती. मी काकीची बातमी माझ्याजवळ ठेवून घेतली आणि तिला माझी कणव दिली. आता ऑफिसात मी माणसांना समोर बसवून सांगतो, गेटवर यादी लावू देत नाही, विचारतील तोवर उठत नाही. टाइमकीपर म्हणतो की साहेब, तुम्ही फार वेळ घेता. ते सगळं मी नीट करतो. त्यांच्यापैकी कोणी मला लहानपणी जेवू घातलेलं नाही.

सकाळपासून लिहितो आहे, भात टाकायचा राहिला. हे पत्र कुठे पाठवायचं नाही हे मला सुरुवातीपासून माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर म्हणूनच एवढं लिहिता आलं. तुम्ही उलट काही विचारणार नाही. जिने विचारलं होतं तिचं घर इथून सहावं आहे, आणि मी अजून उठलेलो नाही. आत्ता सगळं परत वाचून पाहिलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत काकी, काकी असंच लिहिलं आहे. तिचं नाव मी याही कागदावर घातलेलं नाही.